रामेश्वरचे हातपाय

सकाळी रामेश्वरला अंथरुणातून उठताच येईना. हातपाय जाग्यावर पडून होते. मान वळत होती, बोलता येत होतं, एवढंच. त्याआधी आठवडाभर त्याला जुलाब लागले होते आणि तसाच तो धारूरच्या डोंगरात मेंढरांमागं फिरत होता.

त्याच्या आईनं, केशरबाईनं, सरळ सुनेकडं बोट केलं. "हिनंच काहीतरी खाऊ घातलं माझ्या लेकराला!"

रामेश्वरची बायको अंजना फोनकडं वळली. जीप तिनंच बोलावली.

दवाखान्यात डॉक्टर आरोहीनं रक्त तपासलं, छातीचा कार्डिओग्राम काढला. रामेश्वरचा थोरला भाऊ बंकट तिला दारातच अडवून उभा राहिला. "विष हाय ना? लिहून द्या. पोलिसात जायचं हाय."

"विष नाही. जुलाबात पोटॅशियम गेलंय."

"म्हंजे?"

"मज्जातंतूची पेशी काय, स्नायूची पेशी काय, गप्प असतानाही तिच्यावर विजेचा भार असतो. ती सोडियम बाहेर टाकत राहते, पोटॅशियम आत ओढत राहते. आतलं थोडं पोटॅशियम सतत बाहेर झिरपतं, म्हणून आतली बाजू ऋण राहते. मेंदूचा हुकूम आला की तो भार क्षणभर उलटतो आणि हात हलतो. रक्तातलं पोटॅशियम घटलं, की आतलं जास्तच झिरपतं. आतली बाजू इतकी ऋण होते, की हुकूम येऊनही पेशी जागची हलत नाही."

"आमाला शाळा शिकवू नका, बाई. ह्या अंजनाला वाचवायलेत तुमी."

डॉक्टरनं पोटॅशियम घातलेलं सलाइन लावलं. "हे हळूच जाणार. जोरात सोडलं तर हृदय बंद पडेल. नळीवरच्या ह्या चाकाला कुणी हात लावायचा नाही."

ती दुसऱ्या पेशंटकडं वळली आणि बंकट खाटेजवळ आला. "थेंब थेंब कावून? मरंल त्यो असा." त्यानं चाकाकडं हात नेला. अंजनानं त्याचं मनगट धरलं. त्यानं दुसऱ्या हातानं तिच्या कानाखाली वाजवली. तिनं मनगट सोडलं नाही. नर्स धावत आली, तेव्हा कुठं तो मागं सरला. रामेश्वर उताणा पडून सगळं बघत होता.

संध्याकाळपर्यंत त्याची बोटं हलली, मग गुडघा वर आला. "मी लावलेल्या अंगाऱ्यानं उठला," केशरबाई म्हणाली. सुनेकडं तिनं पाहिलंही नाही.

दुसऱ्या दिवशी तो उठून बसल्यावर अंजना म्हणाली, "हातपाय गेलते तुमचे, ते कळलं मला. तोंड तर चालू होतं. त्यानं मला मारलं, तवा कावून बोलला न्हाईत?"

"थोरला हाय त्यो," रामेश्वर पुटपुटला.

ती तिथूनच धर्मापुरीला माहेरी निघून गेली. केशरबाईनं पायरीपर्यंत येऊन शिव्या दिल्या.

काही दिवसांनी रामेश्वर आपल्या पायांनी चालत धर्मापुरीत आला. सासऱ्यानं, आश्रुबानं, पाण्याचा तांब्या पुढं केला, पण बस म्हणाला नाही.

"अंजना हाय का?"

"हाय."

तो दुपार टळेपर्यंत ओट्याखाली उभा राहिला. अंजना बाहेर आली नाही.