उलटी चौकशी

गल्लीत तिला सगळे चौकशीआजी म्हणत. नवा भाडेकरू सामान उतरवत असला की ही त्याच्याच गादीच्या गुंडाळीवर बसून त्याच्या मामाची तब्येत विचारायची. त्यात खोडसाळपणा नव्हता, तिला खरंच जाणून घ्यायचं असायचं. त्यामुळे कॉलेजची एक मुलगी गरिबीचा अभ्यास करायला दारोदार फिरतेय असं कळलं, तेव्हा आजीच बाहेर गेली आणि तिला हाताला धरून घेऊन आली.

खोली एकच. खिडकीपाशी सुनेचं शिलाई मशीन, भोवती उशांच्या अभ्र्यांचे ढीग. मुलगा गोदामात हमाली करायला गेलेला. कॉलेजची मुलगी एका ढिगाला टेकून बसली आणि विचारू लागली. वडील काय करायचे? शाळा कुठवर झाली? घर कोणाचं? कधी उपाशी झोपायची वेळ आली का? आजीने सगळं भरभरून सांगितलं. वडील लोकांकडे पाणी भरायचे. शाळा चौथीत सुटली. उपाशी तर कितीदा! सून मान खाली घालून मशीन चालवत राहिली. असलं काही परक्यासमोर काढलेलं तिला आवडत नसे.

"संपलं तुझं?" आजीने विचारलं. "मग आता माझी पाळी. तुझे वडील काय करतात?"

"त्यांचा कारखाना आहे, प्लास्टिकच्या डब्यांचा."

"कोणी दिला?"

"दिला नाही आजी, त्यांनी स्वतः उभा केला. शून्यातून."

"शून्यातून म्हणजे कसा गं? पहिल्या दिवशी उभे कुठे राहिले? कोणाला काय म्हणाले?"

मुलगी विचारात पडली आणि मग हसली. "मी कधी विचारलंच नाही. तुम्हीच या ना घरी आणि विचारा."

"रविवारी येते, पत्ता सांगून ठेव," आजी म्हणाली.

मुलगी गेल्यावर सुनेने मशीन थांबवलं. "आई, ती बोलायचं म्हणून बोलली."

"मग मी जायचं म्हणून जाते. तू येतेस का सोबत?"

सासूला एकटीला सोडण्यापेक्षा बरोबर गेलेलं बरं, असं सुनेला वाटलं.

रविवारी मुलीच्या घराच्या फाटकावर रखवालदाराने दोघींना खालपासून वरपर्यंत पाहिलं. "कोणाकडे कामाला? कामाच्या बायकांचं दार मागे आहे."

"कामाला नाही रे बाबा. बसायला आलोय."

असं उत्तर बहुधा त्याला कोणी दिलं नव्हतं. तो फोन लावून बराच वेळ हळू आवाजात बोलला. तोवर मुलगी स्वतःच धावत खाली आली.

वरच्या बैठकीतला कोच इतका खोल होता की आजीचे पाय अधांतरी लोंबकळू लागले. सून अगदी कडेला, पिशवी मांडीवर धरून बसली. मुलीचे वडील आले, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर कौतुक होतं. आपली गोष्ट सांगायला त्यांना आवडायची.

"विचारा आजी, बिनधास्त विचारा. माझ्याकडे काही म्हणजे काही नव्हतं. एका शेडमध्ये जुनं मशीन घेऊन सुरुवात केली. रात्रंदिवस राबलो."

"शेड कोणाची?"

"वडिलांची. पडूनच होती."

"आणि डबे पहिल्यांदा घेतले कोणी?"

"काकांनी. त्यांची एजन्सी होती ना." आता ते जरा सावरून बसले. "पण सोपं नव्हतं हं आजी. सुरुवातीला सगळं बुडालं. माल परत आला, मशीन विकावं लागलं."

आजी कोचावरून पुढे सरकली. तिचे पाय जमिनीला टेकले. "अगं बाई! मग खाल्लंत काय?"

"खाल्लं काय म्हणजे? घरीच होतो की. आई-वडील होते. वर्षभर गप्प बसलो, मग वडील म्हणाले, पुन्हा करून बघ."

"हां," आजी म्हणाली. कोडं सुटल्यासारखा तिचा चेहरा उजळला. "म्हणजे परत जायला घर होतं. आमच्या ह्यांचंही दुकान होतं, इस्त्रीचं. राबायला तेही कमी नव्हते. एकदा शेगडीतला निखारा उडाला आणि लोकांचे कपडे जळाले. तुम्ही बुडून वर आलात. आमचे हे एकदाच बुडाले. मग जन्मभर दुसऱ्याच्या लाँड्रीत उभे राहिले."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. चहा घेऊन आलेल्या मुलीच्या आईने कप उगाच सरकवले. वडिलांचा चेहरा लाल झाला होता. आता हे चिडणार, असं वाटून सून उठायच्या बेतात होती.

"मेहनत केली नाही असं म्हणताय का तुम्ही?" त्यांनी विचारलं.

"छे हो! केलीच असणार. ह्यांनीही केली. मग फरक कुठे पडला, एवढंच बघत होते."

त्यांनी चहाचा कप उचलला. मग म्हणाले, "कपडे जळाले ते भरून दिले का त्यांनी?"

"दिले ना. दुकान त्यातच गेलं."

"मी ज्यांच्याकडून माल घेतला होता, त्यांचे पैसे बुडवले होते थोडे," ते एकदम म्हणाले, आणि बायकोकडे न बघता चहा प्यायले.

दोघी निघताना मुलीने दारातच वडिलांना विचारलं, "बाबा, हे माझ्या अभ्यासात लिहू?"

"लिही. शेडचं लिही." थोडं थांबून ते म्हणाले, "काकांचं राहू दे. म्हणजे... बघ तू."

रखवालदाराने या वेळी काही न विचारता मोठं फाटक उघडलं. रस्त्याला लागल्यावर सून भराभर पुढे चालू लागली. आजीला वाटलं, रागावली असेल.

"आई," सून शेवटी म्हणाली, "मामंजींचं दुकान होतं? मला तर ते कायम नोकरीतच होते असं वाटायचं."

"तू कधी विचारलं नाहीस."

"आता विचारते. कुठे होतं? केवढं होतं?"

बसथांब्यापाशी आजी चालता चालता थांबली. इतक्या वर्षांत तिला कोणी हे विचारलं नव्हतं. "केवढं म्हणजे, दोन माणसं आत उभी राहिली की तिसऱ्याने बाहेर थांबायचं. पण दाराला निळा रंग दिला होता, ह्यांनी स्वतः..."

बस आली तशी निघूनही गेली. सून थांब्यावरच्या कठड्यावर बसली आणि तिने आजीसाठी शेजारी जागा केली.