न्हाव्याच्या फरशीखालची राजधानी

या शहरात जमिनीत पहार घालायची म्हणजे छातीत धस्स व्हायचं. एके काळची राजधानी ना! एका राजाने बांधली, दुसऱ्याने जाळली आणि पुन्हा उभारली. मग राजे गेले, गिरण्या आल्या, बसगाड्या आल्या, आणि खालचं सगळं खालीच राहिलं. खणताना जुनं काही लागलं तर पुरातत्त्व खात्याला कळवायचं, हा नियम. शेजारच्या शिंप्याने इमानदारीत कळवलं. त्याच्या दुकानाखाली राजवाड्याची पायरी निघाली, आणि तेव्हा दुकानाला लागलेलं कुलूप आजतागायत निघालं नाही.

म्हणून तुंबलेली मोरी मोकळी करायला न्हाव्याने फरशी उचलली आणि खाली मोठाले घडीव दगड दिसले, तेव्हा त्याचं तोंड पांढरंफटक पडलं. आजोबांपासूनचं सलून! हे गेलं तर खायचं काय? त्याने घाईघाईने वर सतरंजी टाकली.

"कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं होय?" बायको म्हणाली, आणि तिने सरळ खात्याला फोन लावला.

"अगं, घात केलास!" न्हावी मटकन गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसला.

खात्याच्या बाई आल्या, पदर खोचून बॅटरी घेऊन खड्ड्यात उतरल्या. न्हावी वर हात जोडून उभा.

"तळाला घडीव दगड, पहिल्या राजाचे," खालून आवाज आला. "त्यावर चपट्या विटा, शहर जाळणाऱ्याच्या. राजवाडा पाडला पठ्ठ्याने, पण हे मात्र दुरुस्त केलं! आणि हा सिमेंटचा पाइप कोणाचा?"

"आजोबांचा," न्हावी पुटपुटला.

"अहो, मग घाबरता काय? गटार आहे हे! अख्ख्या गल्लीखालून जातं, आमच्या नकाशात कधीचंच आहे."

"म्हणजे... दुकान?"

"चालवा की खुशाल! वाहतं गटार बंद केलं, तर गल्ली माझ्या नावाने बोंब मारेल. पण हे तुंबलंय कशाने?"

बाईंनी आकडा घालून ओढलं. केसांचा हा एवढा बोळा बाहेर आला! वर काळे, खाली पिंगट, आत कुजून चिखल झालेले. आजोबांच्या वस्तऱ्यापासूनचे सगळे.

"धन्य आहात," बाई म्हणाल्या. "इतके राजे भांडले, पण गटार बुजवणं एकालाही जमलं नव्हतं. आता जाळी बसवा."

न्हाव्याच्या जिवात जीव आला. हसता हसता त्याचे डोळे भरले. बायकोने बादलीभर पाणी ओतलं, आणि ते घळाघळा खाली गेलं.