गव्हावरचं दळण

कुरुळीत उद्धवरावचं नाव काढलं की लोकांना आधी त्याचा आवाज आठवायचा. एवढा तापट गडी. पण नात ताटावर बसली की गप व्हायचा आन तिच्या हाताकडं बघत ऱ्हायचा.

नात अपेक्षा, चौथीतली. पोटात गहू गेला की कळ धरून लोळायची. डॉक्टरनं गहू, मैदा, रवा जन्मभर बंद केला. घर माळकरी, अंड्या-मटणाचं नाव काढायचं न्हाई.

"मग पोरीनं खायाचं काय, वारा?" उद्धवराव दवाखान्यातच वरडला.

"अवो, हळू," बायको कौशल्याबाई म्हणाली. "आपण कुठं गव्हावर वाढलो?"

ते खरंच. आता कंपनीच्या गाड्या लागत्यात तिथं त्याच्या बापाची ज्वारी उभी असायची. पोळी सणाला, न्हाईतर पाव्हणा आला तर. धाकला उद्धव पाव्हण्याच्या ताटाकडं बघत फुगून बसायचा. आई म्हणायची, "फुग, फुग. भाकरी तुझ्या आधी फुगलीया."

तर घरात ज्वारीची भाकरी सुरू झाली. वांग्याचं भरीत, मटकीची उसळ, दह्यातली काकडी. हिंगातबी कणीक असती म्हणं, म्हणून हिंग गेला. तरी पोरीचं पोट दुखायचं थांबंना. अर्धी भाकरी झाली की ताट सारायची.

"आबा, भूक हाय. पण भ्या वाटतं."

तिची आई योगिनी शिफ्टवरनं यायची, पोरीच्या दंडाला हात लावून बघायची आन आत जायची. उद्धवरावला ते बघवत नव्हतं.

एका सकाळी कौशल्याबाईचे गुडघे धरले, म्हणून तोच दळण घेऊन अय्याजच्या गिरणीत गेला.

"बसा आबा," अय्याज म्हणाला. "हा गहू निघू द्या. मग तुमची ज्वारी टाकतो. नेहमीसारखी, गव्हावर."

"गव्हावर?"

"व्हय. काकी सांगूनच ठेवत्यात. मागची कणीक थोडी उतरती ना, भाकरी मऊ व्हती, चिरत न्हाई. नातीसाठी म्हणत्यात."

उद्धवरावनं डबा उचलला. काय काय बोलायचं ते सगळं वाटंत जुळवत आला. कौशल्याबाईला एवढंच म्हणाला, "गव्हावर दळत व्हतीस?"

तिचा हात परातीतच ऱ्हायला. त्या उतरलेल्या कणकेनंच पोरीचं पोट दुखत व्हतं, हे तिला आत्ता कळलं.

"पोरीला मऊ मिळावी म्हणून वो..."

जुळवलेलं सगळं सोडून त्यानं डबा खाली ठेवला.

"ऊठ. परात घास. डबं घास. रडून भाकरी व्हत न्हाई."

उद्धवरावचा पोरगा, अपेक्षाचा बाप, म्हणाला, "घरघंटी मागवतो, आठवड्यात येईल."

"आन तवर?"

उद्धवरावच्या आईचं जातं मोरीपाशी पाण्याच्या पिंपाखाली होतं. उद्धवरावनं पिंप सारलं, अर्धं पाणी अंगावर घेतलं. जातं घासलं, उन्हात वाळवलं, छिन्नीनं टाकी लावली. पहिलं पीठ खडं निघतील म्हणून टाकून दिलं. बायकोचं गुडघं वळंनात, मग स्वतःच मांडी घालून बसला.

शेजारचा किसन दारातून म्हणाला, "काय आबा, सासुरवास लागला का?"

"ये की तू! खुंटा रिकामाच हाय एका बाजूनं."

किसन पळाला. जातं घरघरत ऱ्हायलं. असंच आईच्या मांडीवर डोकं ठेवून धाकला उद्धव निजायचा, आन केसांत कोमट पीठ पडायचं. त्यानं बोटानं पीठ चाचपलं. तसंच कोमट. नाक वढून पुन्हा फिरवायला लागला.

भाकरी कडंनं चिरली. कौशल्याबाईनं चिरलेली बाजू खाली करून वाढली. अपेक्षानं भीत भीत अर्धीच खाल्ली. दुसऱ्या दिशीबी अर्धीच. पण कळ आली न्हाई. मग हळूहळू ताट सारायचं थांबलं.

एक दिस सगळे जेवत असताना ती म्हणाली, "आज्जी, मला अजून एक. चिरलेलीच दे. चिरंत तूप बसतं."

कौशल्याबाई तव्याकडं तोंड करून बसली. उद्धवरावनं तुपाची वाटी नातीपुढं सारली आन गाव गोळा करणाऱ्या आवाजात हाक मारली, "योगिनी! कामं ऱ्हाऊ दे, हिकडं ये. पोरगी मागून खातीया!"