कपाटावरचं हेल्मेट

टक्.

सकाळच्या शांत घरात तेवढाच आवाज झाला. पीठ मळता मळता मी मान वळवली. शिवानंद दारात उभे राहून हेल्मेटचा प्लास्टिकबाहेर आलेला पट्टा लावत होते, काढत होते. दोन वर्षांत ते पहिल्यांदाच लोखंडी कपाटावरून खाली आलं होतं. प्लास्टिक तसंच होतं आणि त्याच्या आत विभूतीच्या तीन रेघा.

"कॉलेजवर न्यायचंय," ते म्हणाले. "तू बी चल आज. शिवकन्येला घे."

माझे यजमान परंड्याच्या ठाण्यात हवालदार आहेत. शाळा-कॉलेजांत जाऊन पोरांना रस्त्याचे नियम सांगायचं काम त्यांच्याकडे असतं. घरात दिवसाला दहा वाक्यं बोलणारा हा माणूस तिथं तासभर काय बोलत असेल, याचं मला भारी कुतूहल. आज मात्र त्या कुतूहलात भीतीही होती.

हेल्मेट नंदीशभावजींचं, यांच्या धाकट्या भावाचं. नवी गाडी घेतल्यावर ती सोनारीला भैरवनाथापुढे उभी केली, नारळ फोडला, लिंबू-मिरची बांधली. सासूबाईंनी हेल्मेटलाही विभूती लावली. पूजेची वस्तू, उगाच ओरखडे कशाला, म्हणून परत प्लास्टिकमध्ये घालून मीच ते कपाटावर ठेवलं. चार महिन्यांनी एका सकाळी भावजी म्हणाले, "वैनी, तेवढं हेल्मेट काढून द्या की." माझे हात असेच पिठात होते. सोनारीपर्यंत तर जायचंय, उद्या काढते, असं मी म्हणाले. शिवानंद तिथंच बसून बुटाची नाडी बांधत होते. त्या दिवशी सोनारीच्या अलीकडं वळणावर उसाची ट्रॉली उभी होती. गाडी तिच्यावर आदळली, भावजी डोक्यावर पडले. घरी परत आलेच नाहीत.

त्या सकाळबद्दल आम्ही दोघं आजवर एक शब्दही बोललेलो नाही. आता दीडशे पोरांपुढं हे काय सांगणार? माझं नाव घेणार?

कॉलेजच्या हॉलमध्ये मी लेकीला, शिवकन्येला, मांडीवर घेऊन मागं बसले. सुरुवातीला त्यांनी कागदावरचं वाचलं. पोरं चुळबुळत होती. मग त्यांनी कागद घडी करून खिशात टाकला आणि विचारलं, गाडीवर कोण कोण आलंय? बरेच हात वर झाले. हेल्मेट कुणाकुणाकडं आहे? तरी बरेच. मग आत्ता कुठं आहे? एकजण म्हणाला, आरशाला अडकवलंय. दुसरा म्हणाला, आईनं त्यात लसूण भरून ठेवलाय. हॉल हसला. शिवानंदही हसले. मी बघतच राहिले, हे असं हसतात हे मी विसरूनच गेले होते.

हसू ओसरल्यावर त्यांनी पिशवीतून हेल्मेट काढलं. सावकाश प्लास्टिक सोडवलं. हे माझ्या भावाचं, म्हणाले, आणि गाडीच्या पूजेपासून वळणापर्यंत सगळं सांगितलं. फक्त भावजींनी ते मागितलं होतं, एवढंच सांगितलं नाही.

पुढच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. "सर, पण कपाटावर ठेवलं कुणी?"

माझे हात शिवकन्येभोवती आवळले गेले. शिवानंदांनी माझ्याकडं पाहिलं नाही.

"मीच," ते म्हणाले. "रस्त्यावर लोकांना शिट्टी मारून थांबवतो मी. त्या सकाळी भाऊ माझ्या पुढून गेला. मी नाडी बांधत बसलो."

मग त्यांनी हेल्मेट बाकांवरून फिरवलं, प्रत्येकानं घालून पट्टा लावून बघा म्हणाले. हॉलभर टक्, टक् होत राहिलं. माझ्यापर्यंत ते आलं तेव्हा इतक्या हातांनी विभूती पुसली गेली होती. मी तसंच ते मांडीवर धरून बसले.

घरी आल्यावर त्यांनी दाराशेजारी, शिवकन्येचाही हात पोचेल इतक्या खाली, एक खिळा ठोकला आणि हेल्मेट अडकवलं. सासूबाई शिवकन्येला जवळ घेऊन ते बघत बसल्या. हे ड्यूटीवर निघून गेले.

मी पुन्हा परातीपुढं बसले. सकाळचं पीठ वरून सुकलं होतं, पाण्याचा हात लावून मळायला घेतलं. शिवकन्या हेल्मेटचा पट्टा चाळवत होती.

"आई, हे तूच वर ठेवलं होतंस ना? आज्जी म्हणती."

"व्हय."

टक्.

"मग पप्पा 'मीच' का म्हणले?"