इटलीच्या कंपनीची बोईसरची खोली

ओट्यावरून डब्याचं झाकण निसटलं आणि फरशीवर गरगरत, खणखणत थेट फ्रिजखाली गेलं. मोनालीने श्वास रोखून आतल्या खोलीकडे पाहिलं. सलोनीने नुसती कूस बदलली. पोरीला निजवायला केलेली थोपटाथोपटी वाया गेली नव्हती.

"चहाची पूड बघत होतो," बाबा कुजबुजले. हातून काही पडलं की तिचे वडील अजूनही शाळकरी पोरासारखं तोंड करत.

"बसा तुम्ही. मी टाकते चहा."

भर दुपारी घरात सापडेल असा हा माणूसच नव्हता. बोईसरला नवापूर रोडवर इटलीच्या एका कंपनीची खोली होती आणि मोनालीला कळायला लागलं तेव्हापासून त्या खोलीची किल्ली मारुती तामोरे या माणसाच्या खिशात होती. रंगाचा ओला लगदा दाबून त्यातलं पाणी काढणारी अवजड यंत्रं ही कंपनी बनवायची आणि तारापूरच्या रंगाच्या कारखान्यांना ती लागायची. एडवणच्या मच्छीमार घरातला मारुती होडीवर न जाता फिटर झाला. कंपनीचं इथलं पहिलं यंत्र बसवायला आलेल्या इटालियन साहेबाच्या हाताखाली राबला. साहेब मायदेशी निघाला तेव्हा खोली त्याच्या हवाली करून गेला. आज मात्र बाबा खोलीला कुलूप लावून बेटेगावला लेकीच्या फ्लॅटवर आले होते, कारण आयकर खात्याने कंपनीला नोटीस धाडली होती आणि चार वाजता मुंबईहून कंपनीच्या वकीलबाई लॅपटॉपवर बोलणार होत्या.

चहाला आधण येईपर्यंत मोनालीच्या डोळ्यांपुढे ती खोलीच होती. सुट्टीत आई तिच्या हाती बाबांचा डबा देऊन तिला तिकडे धाडायची. लाकडी खोकी, खोक्यांतला भुसा, ग्रीसचा वास आणि भिंतीवर बर्फाच्या डोंगरांचं कंपनीचं कॅलेंडर. वर्ष उलटलं तरी बाबा ते काढत नसत. "डोंगर काय शिळे होतात?" म्हणायचे. कुठल्या तरी कारखान्याचा शेठ समोर बसलेला असे. हिंदीत, गुजरातीत आणि राग आला की मराठीत भावाची ओढाताण चाले. शेवटी बाबा टेबलावर पंजा आपटत, "झालं म्हणा!" शेठ हसत हसत "चलो, हो गया" म्हणाला, की मोनालीने खाली पळत जाऊन चहा सांगायचा. त्यानंतर कुठे इटलीला फोन लागे. मोडक्यातोडक्या इंग्रजीत बाबा कळवत, सौदा झाला, यंत्र पाठवा. तिकडून कुणी कधी नाही म्हटल्याचं तिला आठवत नव्हतं.

आई म्हणायची, "इटलीवाल्यांना वाटतं कंपनी त्यांची हाय. वाटू दे बिचाऱ्यांना."

"हां, सांग आता," बाबांनी चहा बशीत ओतला. "सरकारचं म्हणणं तरी काय हाय?"

मोनाली पालघरच्या एका सीएकडे काम करायची. सलोनी झाल्यापासून घरूनच, आणि तेही पोरीच्या झोपेतून चोरलेल्या वेळात. परदेशी कंपन्यांच्या कराची कामं तिच्या हाताखालून जात. पण बाबांपुढे कलमं वाचायची जिभेला लाज वाटत होती.

"ती वलांडीची गोष्ट सांगायचात ना मला? गुजरातेतल्या होडीची?"

बाबांचा चेहरा खुलला. "हिवाळ्यात लागलेली एडवणला. बोंबील सुकवायला आपल्या वाळूत बांबू रोवून वलांडी बांधली त्यांनी. माझ्या बापानं मला पाठवलं वाटा मागायला. त्यांच्या होडीचा तांडेल बोलला, आमचा वाटा आमच्या गावाला. मी बोललो, होडीतनंच विकून गेले असते तर आमी एक बोंबील मागितला नसता. पण तुमी बांबू रोवले. वलांडी इथं, तर वाटा इथं."

"सगळ्या मासळीवर?"

"छट्! इथं सुकली तेवढ्यावरच. दुसरीकडं विकली तिचा आमचा काय संबंध? आणि आमाला दिलं ते त्यांच्या गावानं वजा धरायचं, परत मागायचं नाय. दोन्हीकडून ओरबाडलं तर परगावची होडी येईल कशाला?"

"दोन देशांत कराचा करार असतो, तो एवढाच असतो बघा," मोनाली म्हणाली. "कंपनी इटलीत बसून इथे यंत्रं विकते, तर तिच्या नफ्यावरचा कर इटलीचा. पण इथे तिची कायमची जागा असेल, किंवा तिच्या नावाने नेहमी सौदे पक्के करणारा तिचा माणूस असेल, तर त्यामुळे झालेल्या नफ्यापुरता कर आपला. इथे भरलेला इटली वजा धरते."

"मग कंपनीचं जातं काय?"

"डोकेदुखी. मागचे हिशोब उकरा, नोटिसांना उत्तरं द्या, वकील लावा. त्यापेक्षा इथे आमचं काहीच नाही म्हणणं सोपं. सुटे भाग ठेवायची खोली आणि निरोप पोचवणारा माणूस, एवढंच असेल तर करारात ती जागा धरत नाहीत."

बाबांनी बशी खाली ठेवली. "निरोप पोचवणारा."

"वकीलबाई तेच विचारणार. भाव तुम्ही ठरवायचात, की आलेली चौकशी नुसती पुढे पाठवायचात? पाठवायचो म्हणालात, तर खोली राहते." तिचा आवाज आपोआप खाली आला. "आई गेल्यावर त्या खोलीने तुम्हाला उभं ठेवलं, बाबा. एवढंच म्हणा ना."

"एवढी शिकलीस ती बापाला पोस्टमन करायला काय गो?"

तिला हसू आलं, पण टिकलं नाही. खरं काय ते तिला कुणी सांगायला नको होतं. त्या खोलीत पंजा आपटल्यावर चहा सांगायला तीच तर धावली होती.

चार वाजता पडद्यावर अर्चना मॅडम आल्या. बाई गोड बोलायच्या. आधी तब्येत विचारली, मग म्हणाल्या, "काका, अगदी साधा प्रश्न आहे. गिऱ्हाईक तुमच्याकडे यायचं, तुम्ही त्याची मागणी इटलीला कळवायचात, आणि भाव तिकडून ठरून यायचा. असंच ना?"

मोनालीने टेबलाखाली बाबांच्या गुडघ्यावर हात ठेवला. तो हात कशासाठी ठेवला, हो म्हणा म्हणून की नका म्हणू म्हणून, हे तिला स्वतःलाच कळेना.

"हां... म्हणजे आमी आपलं..." बाबा थांबले. बाहेर गल्लीत भंगारवाला ओरडत गेला. मग त्यांनी पंजा उचलला, आतल्या खोलीकडे पाहिलं, आणि न आपटता अलगद टेबलावर टेकवला.

"भाव मी ठरवला, मॅडम. दर वेळी मीच. इटलीला मागाहून कळवायचो."

मॅडम पडद्याजवळ सरकल्या. "काका, अधिकाऱ्यांसमोरही हेच सांगाल?"

"दुसरं काय सांगू? उद्या त्यांनी कारखानेवाल्यांना विचारलं तर ते काय बोलतील, आमी इटलीशी बोललो? ते मारुतीशी बोलले. मी नुसता निरोप्या होतो म्हटलं तर या तारापुरात लोक हसतील मला."

अर्चना मॅडमनी चष्मा काढला. "ठीक आहे. कर भरावा लागेल, तो किती ते मी बघते. खोट्यावर केस उभी करायची मलाही हौस नाही. पण एक सांगून ठेवते, काका. तिकडे आधीच ठरलंय. ही कंपनीची जागा धरली जाणार असेल, तर जागाच ठेवायची नाही. पुढची विक्री थेट इटलीतून."

"मग किल्ली कोणाकडं द्यायची?" बाबांनी लगेच विचारलं, जणू काही मधलं बोलणं झालंच नव्हतं.

"मी कळवते," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज जरा ओला झाला होता.

मोनालीने लॅपटॉप मिटला. उरलेल्या चहावर साय धरली होती. मोनालीला खूप काही म्हणायचं होतं. खोटं बोला असं आपण सुचवलं याची लाज, तुम्ही ते बोलला नाहीत याचा अभिमान, आणि तरी बोलला असतात तर बरं झालं असतं, असंही. ती कप गोळा करायला लागली.

"खोक्यातल्या भुशात तू झोपायचीस," बाबा एकदम म्हणाले. "केसांत भुसा घेऊन घरी गेलीस की तुझी आई माझ्यावर डाफरायची. पोरगी हाय का पार्सल, म्हणायची."

"तो साहेब घरी आला होता तेव्हा आईने त्याला सुका बोंबील भाजून घातला होता ना?"

"खाल्लान् बरं का त्यानं! डोळ्यांतून पाणी काढत खाल्लान्. वर बोलतो कसा, माझी आई पण आमच्याकडं मासळी सुकवते." बाबा हसले. हसता हसता त्यांनी खिसा चाचपला आणि हात तसाच तिथे राहू दिला.

आतून पावलं वाजली. डोळे चोळत सलोनी दारात उभी राहिली. अशा वेळी आजा घरात दिसणं तिला ठाऊकच नव्हतं. ती धावत जाऊन त्यांच्या मांडीवर चढली, त्यांच्या दाढीच्या खुंटांवर गाल घासला.

"आजा, तू आज खोलीवर नाय गेलास?"

"खोली बंद होणार, बाय."

सलोनीने विचार केला. मग आजाकडे न बघता आईकडे वळून, झोपेने जड झालेल्या आवाजात विचारलं,

"मग उद्या सकाळी आजा कुठं जाणार?"