उजव्या हाताची दांडी

“वहिनी, परत एकदा सांगतो,” रितेशने काउंटरवर दोन खोकी शेजारी शेजारी ठेवली. “ही जॉयस्टिक उजव्या हाताच्या मापाची. अंगठ्याची खाच बघा, बोटांचं वळण बघा. डावा हात हिच्यावर बसायचाच नाही. आणि ही दुसरी साधी, सरळ दांडी. कुठल्याही हाताला चालते. दादांना ही न्या.”

दीपालीने साध्या दांडीकडे पाहिलंसुद्धा नाही.

“बाकीचं झालं ना सगळं?”

बाकीचं सगळं तिच्या नवऱ्याने, संदेशने, घरीच ठरवून दिलं होतं, डाव्या अंगठ्याने मोबाइलवर व्हिडिओ बघून बघून. घरबसल्या विमान चालवायचे दोन प्रोग्रॅम त्याने निवडले होते. एकात पृथ्वी हुबेहूब दिसते, पण त्याला सतत इंटरनेट लागतं, आणि मिरजोळ्याला जरा वारा सुटला की नेट जातं. म्हणून दुसरा, डोंगर जरा ओबडधोबड, पण एकदा भरला की भरला. “पडदा लहान चालेल गो, ग्राफिक्स कार्ड मात्र दमाचं हवं. नायतर विमान बैलासारखं अडून बसतं,” हे त्याने तिच्याकडून पाठ करून घेतलं होतं. दांडीचं तेवढं बोलला नव्हता. “ती तू बघ,” एवढंच.

संदेश लोट्याला केमिकल कंपनीत ऑपरेटर होता. आठवडाभर तिकडे खोलीवर, सुट्टीला घरी. सुट्टीच्या दिवशी अंगणात खुर्ची टाकून बसायचा, कारण विमानतळ समोरच्या कातळाच्या सड्यापलीकडेच. विमान उठलं की हातातला चहा निवेपर्यंत वर बघत राहायचा.

“एकदा बसूया गो त्याच्यात.”

“रिटायर व्हा, मग बसू,” दीपाली म्हणायची.

त्याआधीच अर्धांगाचा झटका आला. पाय हळूहळू सावरला. उजवा हात गेला. पण गेला, हा शब्द दीपालीने कधी ओठांवर येऊ दिला नाही. रोज पूजा आटोपली की ती तीर्थाची पळी घेऊन त्याच्यापाशी यायची. तो डाव्या हाताने उजवा हात उचलून पुढे धरायचा. तीर्थ काय डाव्या हातात घेतात? ती लुळी बोटं वळवून तळव्याचा खळगा करायची. तोंडाशी जाईपर्यंत तीर्थ मनगटावरून ओघळलेलं असायचं. ती पदराने टिपायची आणि म्हणायची, “पोचलं हो देवाला.”

खरेदीआधी सोमवारचा उपास करून ती ग्रामदेवीला कौल लावायला गेली होती. केरू गुरवाने देवीच्या दोन्ही खांद्यांवर भिजवलेल्या कळ्या चिकटवल्या.

“काय इचारायचा हाय, बाय?”

हात परत येईल का, हेच विचारायचं होतं. पण तिने दुसरंच विचारलं. “यांच्यासाठी कॉम्प्युटर घेतोय,” ती पुटपुटली. “घेऊ ना?”

उजवी कळी टपकन खाली आली.

“दिलान गो! उजवा दिलान!”

तो उजवा, होकाराचा कौल तिने मनात घट्ट बांधून घेतला, न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर म्हणून.

“उजव्या हाताचीच द्या,” ती रितेशला म्हणाली. “येणार आहे हात.”

रितेशने साध्या दांडीचं खोकं परत मांडणीवर ठेवलं. “बरं. पण खोकं टाकू नका वहिनी. बदलून देईन.”

संध्याकाळी सगळं जोडून झालं. पडद्यावर धावपट्टी आली, विमान घरघरू लागलं. दीपालीने संदेशचा उजवा हात उचलून दांडीवर ठेवला. अंगठा खाचेत, बोटं वळणावर. जणू माप घेऊनच घडवलेली.

“बघा, कशी बसली!”

बोटं बसली होती, हलत नव्हती. संदेशच्या कपाळावर घाम आला. मग तिने त्याच्या हातावर हात ठेवून दांडी ओढली. विमान उठलं, कलंडलं आणि झाडीत आपटलं.

“अगो, आपल्याच पडवीवर पाडलंस की!” तो खदखदून हसला. तीही हसली. मग त्याने डाव्या हाताने उजवा हात दांडीवरून उचलून मांडीवर ठेवला.

“दीपा,” तो हलकेच म्हणाला, “डाव्या हाताची नाय मिळत काय गो?”

“मग आधी का नाही सांगितलंत?”

“तू एवढे उपास धरतेस. कुठल्या तोंडाने सांगणार?”

दीपाली देवघरात जाऊन समईपुढे बसली. देवी खोटं बोलली नव्हती. विचारलं तेवढ्याचंच उत्तर तिने दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिने खोकं रितेशपुढे ठेवलं. “साधी द्या.”

“दादांचा हात…?”

“नाही येणार,” दीपाली म्हणाली. दुकानात, परक्या माणसापुढे, पहिल्यांदा.

त्या रात्री विमान उठलं आणि कलंडलं नाही.

सकाळी पूजा झाली. ती पळी घेऊन बाहेर आली तेव्हा संदेश धावपट्टीवर विमान उभं करून बसला होता. तिला पाहून त्याने दांडी सोडली आणि सवयीने उजव्या मनगटाला हात घातला.

“राहू दे तो,” ती म्हणाली. “हा करा पुढे.”

“डावा? देवीला चालेल?”

तिने पळी त्याच्या डाव्या हाताशी नेली. त्याने डाव्या तळव्याचा खळगा केला. तिने पळी ओतली. तीर्थ तळव्यात स्थिर राहिलं. त्याने ते तोंडाशी नेलं, सगळं प्याला, ओला हात डोळ्यांना लावला.

टिपायला पुढे केलेला पदर तिच्या हातात कोरडाच राहिला.