आमची की तुमची

मित्रांनो, माझ्या डोक्याला उतार आहे आणि तो जन्मापासूनचा आहे. त्या उतारावर कागद ठेवायचे, खालच्या पट्टीला ते अडतात, आणि माझ्यामागे उभे राहून माणसाने बोलायचे, एवढ्याचसाठी मला घडवले. मला पोडियम म्हणतात. कॅनडातल्या विनिपेग शहरात, एका धर्मशास्त्र महाविद्यालयाच्या सभागृहात माझा मुक्काम असतो. अंगाने मी ओक लाकडाचा, भारी आहे. मला हलवायची वेळ आली की शिपाई एकमेकांना "आधी तू धर" म्हणत राहतात.

मला केले कॉर्नेलियस पेनर नावाच्या सुताराने. एका मोडीत निघालेल्या चर्चच्या बाकांचे लाकूड त्याने माझ्यासाठी वापरले. हात सोन्याचा, पण गृहस्थ स्वतः ताडमाड उंच. त्याने माझी उंची स्वतःच्या मापाने धरली. बुटकी माणसेही भाषणे करतात, हे त्याच्या ध्यानातच आले नाही. त्यामुळे कित्येक थोर विद्वानांचे माझ्यामागून नुसते कपाळ दिसे आणि मागच्या रांगेतले लोक आवाज कुठून येतो ते शोधत बसत.

पदवीदान, गायनवृंद, नाताळची सोडत, असे पडेल ते काम मी केले. पण माझा खरा सण मे महिन्यात येई. रेड नदीवरचे बर्फ गेलेले असते, डासांनी अजून डोके वर काढलेले नसते, अशा त्या चार चांगल्या दिवसांत ख्रिस्ती धर्माच्या आरंभीच्या काळाचा अभ्यास करणारे विद्वान इथे जमतात. कुणी साक्षात पाद्री, कुणी नन, कुणी प्राध्यापक, कुणी देवावर विश्वास नसलेलेही. सगळे पेपर वाचतात. वाचतात म्हणजे अक्षरशः वाचतात. एका गृहस्थांनी तर "येथे थांबून पाणी पिणे" हेही खणखणीत आवाजात वाचले होते, आणि मग ते थांबून पाणी प्यायले.

सोळाशे वर्षांपूर्वीच्या एखाद्या प्रवचनावरून ही माणसे अशी हमरीतुमरीवर येतात, की जणू तो प्रवचनकार शेजारच्या गल्लीतला असावा आणि मागच्या आठवड्यातच वारला असावा. लोक त्यांना हसतात. मी हसत नाही. गेलेल्या माणसाच्या एका शब्दासाठी कुणीतरी इतके जीव तोडून भांडावे, याचे मला फार प्रेम वाटते.

या सगळ्यांत माझ्या सर्वांत जिव्हाळ्याच्या म्हणजे आगाथा फ्रीजन. अंगाने एवढ्याशा. माझ्यामागे दुधाच्या बाटल्यांचा रिकामा क्रेट पालथा घालून त्यावर त्या उभ्या राहत आणि दोन्ही हातांनी माझ्या कडा घट्ट धरत. त्यांचा कायमचा प्रतिपक्ष म्हणजे फादर ओरेस्ट ह्नातियुक, युक्रेनियन कॅथलिक पुरोहित. दाढी छातीपर्यंत, हसणे पार्किंगपर्यंत ऐकू जाणारे. या दोघांचे केस पांढरे झाले ते एका शब्दावर भांडता भांडता.

तो शब्द तुम्हाला सांगितला पाहिजे. फार जुन्या काळी एका बिशपने दुष्काळात उपाशी लोकांसमोर प्रवचन केले. "आमची रोजची भाकर आज आम्हाला दे" अशी जी ख्रिस्ती लोकांची रोजची प्रार्थना आहे, तिच्यावर तो बोलला. ते प्रवचन ज्या एकमेव ग्रीक हस्तलिखितात उरले आहे, त्यात लिहिले आहे, "देव आज आमची भाकर देवो." आगाथाबाईंचे म्हणणे, बिशप म्हणाला होता "तुमची भाकर". पुढच्याच वाक्यात तो सांगतो की मी जेवून आलो आहे आणि मला त्याची लाज वाटते. मग तो "आमची" कशाला म्हणेल? एका जुन्या अर्मेनियन भाषांतरात "तुमची" आहेच. ग्रीकमध्ये या दोन शब्दांत एका अक्षराचा फरक. प्रत उतरवून काढणाऱ्या नकलनवीसाला जन्मभर प्रार्थनेतले "आमची" तोंडपाठ, म्हणून त्याच्या हातून तेच लिहिले गेले.

फादर म्हणत, बिशप नम्र होता, त्याने स्वतःला उपाशी लोकांत धरले. अर्मेनियन भाषांतर करणारा चुकला असेल. पण मठात तयार झालेला नकलनवीस? "अहो, डोळ्यांसमोर 'तुमची' लिहिलेलं असताना 'आमची' कोण करेल?" हे वाक्य ते दर मे महिन्यात टाकत आणि वर माझ्या डोक्यावर थाप मारत. थाप मला लागे, पण उत्तर देण्याची सोय नव्हती.

मध्यंतरी माझे दिवस फिरले. सभागृहात काचेचा सडपातळ पोडियम आला, त्याला मान वळवता येणारा माइक. मला मागच्या कोपऱ्यात लोटले. माझ्यावर लोक ओले कोट टाकू लागले, कॉफीचे कप ठेवू लागले. कपांचे गोल डाग अजून आहेत माझ्या अंगावर. मी रागावलो नाही असे म्हटले तर ते खोटे होईल.

अशाच एका वर्षी मे महिन्यातल्या सभेच्या आदल्या दुपारी सभागृहात कुणी नव्हते. आगाथाबाई भिंतीला हात लावत लावत आल्या आणि माझ्यावरचे कोट त्यांनी बाजूला केले. हिवाळ्यात त्यांची नजर जवळजवळ गेली होती. भाचीने त्यांचा पेपर मोठमोठ्या अक्षरांत छापून दिला होता, एका पानावर जेमतेम काही ओळी. कागद माझ्यावर ठेवून त्या वाकल्या, आणखी वाकल्या, नाक कागदाला टेकले. पहिली ओळसुद्धा पूर्ण होईना. त्यांचा श्वास माझ्यावर पडत होता आणि तो शांत नव्हता.

दारात पावले वाजली.

"कोण आहे?"

"मी, ओरेस्ट."

"म्हणजे शत्रुपक्ष. या. हे ऐका, मी सोलांजला सांगणार आहे, माझा पेपर काढून टाक म्हणून."

सोलांज बोद्री म्हणजे सभेच्या अध्यक्षा.

"का बरं?"

"दिसत नाही मला, फादर. अक्षर म्हणून दिसत नाही. तुमचं पुस्तक या उन्हाळ्यात छापायला जातंय ना? जाऊ द्या. छापा 'आमची'. पुढे लोक तेच वाचतील, आणि तो म्हातारा बिशप खरं काय म्हणाला ते माझ्याबरोबरच जाईल."

त्या प्रवचनाची नवी छापील प्रत फादरच तयार करत होते. त्यात जो शब्द जाईल तोच पुढच्या पिढ्यांचा, हे तिथे सगळ्यांना ठाऊक होते. फादरांनी गप्प राहायचा अवकाश, ते जिंकले होते. त्यांनी दाढी खाजवली.

"मी वाचतो," ते म्हणाले.

"काय?"

"तुमचा पेपर. उद्या मी वाचतो."

"वेड लागलंय का? पानापानावर तुम्हालाच टोले आहेत त्यात."

"ते तुमच्या तोंडून ऐकून कान किटलेत. माझ्या तोंडून कसे लागतात बघू या."

"एक शब्द इकडचा तिकडे करायचा नाही हं!"

"आगाथाबाई, मी पुरोहित आहे. दुसऱ्याचे शब्द जसेच्या तसे म्हणणं हेच माझं काम."

"ठीक आहे. पण त्या काचेच्या बाहुलीशेजारी मी बसणार नाही. हा आपला जुना पुढे आणा. हा दिसला नाही तरी हाताला सापडतो."

अशा रीतीने मी पुन्हा पुढे आलो. खरे सांगतो, फादरांवर माझा भरवसा नव्हता. टोल्यांच्या जागी ते पुटपुटतील, गाळतील, अशी मला धास्ती होती.

दुसऱ्या दिवशी सोलांजबाईंनी घोषणा केली तेव्हा सभागृहात खसखस पिकली. आगाथाबाई माझ्या शेजारी खुर्चीवर बसल्या, एक हात माझ्या अंगावर. फादर जरा घाईत वाचू लागले की त्या बोटाच्या पेराने माझ्यावर टकटक करत. पण फादरांनी शब्द पाळला. "फादर ह्नातियुक यांचे पांडित्य इतके मोठे आहे की त्यापलीकडचे त्यांना दिसत नाही," हे त्यांनी असे ठसक्यात वाचले की लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझी धास्ती गेली.

मग ते मुख्य वाक्यापाशी आले.

"म्हणून बिशपचे मूळ शब्द असे होते," फादरांनी वाचले, "देव आज आमची भाकर देवो."

टकटक.

"परत वाचा, फादर."

"वाचलं की. 'देव आज आमची भाकर देवो.'"

पुढच्या रांगेत कुणीतरी हसले आणि लगेच गप्प झाले. कागद माझ्या उतारावर होता. अंगठ्याएवढ्या अक्षरांत तिथे "तुमची" लिहिले होते. मला ओरडता आले असते तर मी ओरडलो असतो.

"फादर," आगाथाबाई हळूच म्हणाल्या, "कागदावर काय लिहिलंय?"

फादरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. त्यांचे बोट त्या शब्दावर आले. कागदाखालून मला ते जाणवत होते. ते बोट तिथेच राहिले.

"तुमची," ते म्हणाले. मग सभागृहाकडे पाहून त्यांनी विचारले, "आणि मी काय वाचलं?"

"दोन्ही वेळा 'आमची', फादर," सोलांजबाई म्हणाल्या.

फादरांचे कान लाल झाले. त्यांना दोष उजेडावर ढकलता आला असता, चष्म्यावर ढकलता आला असता. माझा जीव त्यांच्यासाठी तुटत होता. तेवढ्यात ते हसू लागले. आधी पोटातल्या पोटात, मग पार्किंगपर्यंत.

"सकाळीच म्हटली होती मी ती प्रार्थना," ते म्हणाले. "रोज म्हणतो, बोलायला लागलो तेव्हापासून. डोळे कागदावर होते हो माझे! पण तोंडाने त्यांना विचारलंच नाही. लबाडी नव्हती माझी, शपथ."

"त्या नकलनवीसाचीही नव्हती. इतकी वर्षं दुसरं काय सांगतेय मी?"

"मग तसं लिहायचं ना!"

"लिहिलंय. पुढच्या पानावर. वाचा."

फादरांनी पान उलटले. "नकलनवीसाने कुणाला फसवले नाही," त्यांनी वाचले. "लिहिता लिहिता तो प्रार्थना करत होता." इथे ते थांबून पाणी प्यायले. मग उरलेला पेपर त्यांनी शेवटच्या ओळीपर्यंत वाचला.

त्यानंतर प्रतिपक्ष म्हणून त्यांचेच उत्तर व्हायचे होते. उत्तराचे कागद खिशातून अर्धे बाहेर काढून त्यांनी परत आत सारले.

"माझं उत्तर मी आत्ताच दिलं," ते म्हणाले. "दोनदा."

आगाथाबाईंनी माझ्या लाकडावर हात दाबून धरला. त्यांचे डोळे वाहत होते आणि त्या ते पुसतही नव्हत्या.

उन्हाळ्यात पुस्तक छापून आले, त्यात "तुमची" आहे. आगाथाबाई आता सभेला येत नाहीत, त्या भाचीकडे राहतात. मला त्यांची फार आठवण येते. पण तेव्हापासून इथे एक रीत पडली आहे. दर मे महिन्यात ज्या दोघांचे सर्वांत कडाक्याचे भांडण असेल, त्यांनी एकमेकांचे पेपर वाचायचे, आणि तेही माझ्याच मागे उभे राहून. एरवी मी अजून कोपऱ्यातच असतो.

मित्रांनो, माझ्यावर कोट टाकू नका, कप ठेवू नका, जमले तर वर्षातून एकदा तेलाचा हात फिरवा. पण याहून एक मोठे मागणे आहे. ज्याच्याशी तुमचे वर्षानुवर्षे पटत नाही, त्याचा कागद एकदा माझ्यावर ठेवा आणि स्वतःच्या आवाजात वाचा, एकही शब्द न बदलता. तुम्हाला वाटेल, जमतेय. तरीसुद्धा त्याला शेजारी बसवा आणि त्याचा हात माझ्या लाकडावर असू द्या.